कमळतळे आणि छापखाना : आर. के. नारायण यांच्या प्रेमकथांतील स्वयंप्रकाशनाचे सूत्र

एकोणिसाव्या शतकातील मराठी पुस्तकांची मुखपृष्ठे चाळताना ‘हे पुस्तक ग्रंथकर्त्याने अमुक छापखान्यात छापवून प्रसिद्ध केले’ अशा धर्तीची ओळ वारंवार भेटते. त्या काळी या ओळीत कोणाला कमीपणा वाटत नसे. लिहिणाराने कागद आणावा, छापखानदाराशी दर ठरवावा, प्रती घरी ठेवाव्यात आणि ओळखीपाळखीने खपवाव्यात, हीच रीत होती. पुढे प्रकाशनसंस्था स्थिरावल्या आणि त्याच ओळीचा अर्थ पालटला. दुसऱ्या कोणी छापले नाही म्हणून स्वतः छापले, असा संशय तिच्याभोवती जमू लागला. लेखन प्रेमकथेचे असेल तर हा संशय दुप्पट होतो, कारण प्रेमकथा हा प्रकारच आपल्या समीक्षेने बहुधा करमणुकीच्या कप्प्यात टाकलेला असतो. वाङ्मयेतिहासाने स्वतःचे पुस्तक स्वतः काढणाऱ्या प्रेमकथाकाराकडे गांभीर्याने पाहिल्याची उदाहरणे म्हणूनच थोडी आहेत.

प्रस्तुत निबंधात ज्या लेखकाचा विचार करावयाचा आहे, त्याला ‘स्वयंप्रकाशक’ किंवा ‘प्रेमकथाकार’ ही दोन्ही विशेषणे सहसा लावली जात नाहीत. आर. के. नारायण (१९०६–२००१) हे मराठी वाचकाला मुख्यतः १९८६ साली शंकर नाग यांनी दूरदर्शनसाठी केलेल्या ‘मालगुडी डेज’मुळे परिचित आहेत. स्वामी, त्याचे मित्र, आजी आणि गावातले विक्षिप्त लोक हे त्यांचे आपल्या मनातले चित्र. तौलनिक साहित्याच्या वर्गात त्यांचे नाव घेतले की विद्यार्थी आधी हसतात आणि मग ‘विनोदी लेखक’ असे उत्तर देतात. परंतु १९३९ नंतरच्या त्यांच्या महत्त्वाच्या कादंबऱ्या एकापाठोपाठ एक वाचल्या, तर दोन गोष्टी वारंवार एकत्र येताना दिसतात : एक विस्कटलेले किंवा तुटलेले प्रेम आणि एक छापखाना. ही जोडी योगायोगाची नाही, ती लेखकाच्या जीवनात आधी जुळली आणि मग कथेत उतरली, असे माझे प्रतिपादन आहे.

नारायण यांचे घराणे तमिळभाषक, जन्म मद्रासचा आणि लेखन इंग्रजीतले. परंतु जडणघडण म्हैसूरची. वडील महाराजा कॉलेजिएट हायस्कूलचे मुख्याध्यापक. नारायण स्वतः १९३० साली महाराजा कॉलेजातून पदवीधर झाले. नोकरीत मन रमेना तेव्हा मद्रासच्या ‘जस्टिस’ या पत्राला म्हैसूरच्या बातम्या पुरवण्याचे काम त्यांनी धरले. मोबदला छापून आलेल्या मजकुराच्या लांबीवर मिळत असे. बाजार, कचेऱ्या, पोलीस ठाणे आणि नगरपालिका अशी त्यांची रोजची फेरी होती. आपला शब्द इंचांत मोजला जातो आणि त्याचे पैसे होतात, ही जाणीव या लेखकाला पहिली कादंबरी छापून येण्याच्या सुमारासच झाली होती.

म्हैसूरच्या जुन्या वस्तीची विभागणी मोहल्ल्यांची आहे : लष्कर मोहल्ला, देवराज मोहल्ला, कृष्णराज मोहल्ला, नझरबाद मोहल्ला आणि मंडी मोहल्ला. यांतील ‘मंडी’, ‘मोहल्ला’ आणि ‘लष्कर’ हे शब्द मराठी माणसाला कोशात पाहावे लागत नाहीत. दख्खनच्या व्यवहारभाषेतून ते जसे आपल्याकडे पेठांत आणि छावण्यांत रुळले, तसेच कावेरीच्या काठी रुळले. मंडी मोहल्ला हा नावाप्रमाणेच घाऊक व्यापाराचा भाग. नारायण तेथे राहत नव्हते. त्यांचे शेवटचे म्हैसुरी घर यादवगिरीत होते आणि २०१६ पासून ते संग्रहालय म्हणून पाहता येते. तरीही मालगुडीचा मार्केट रोड ज्या जगातून आला ते यादवगिरीचे झाडांनी वेढलेले जग नव्हे. ते मंडी मोहल्ल्यासारख्या भागांतले, पोत्यांचे, दलालांचे आणि पत्रिका-पावत्या छापून देणाऱ्या लहान दुकानांचे जग होय. संग्रहालयातील खुर्ची-चष्मा पाहून परतणारा वाचक या दुसऱ्या पत्त्याकडे सहसा वळत नाही, हे थोडे खेदाचे आहे.

नारायण यांच्या पहिल्या तीन कादंबऱ्या लंडनमधील तीन वेगवेगळ्या प्रकाशकांनी काढल्या : ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ (१९३५) हॅमिश हॅमिल्टनने, ‘द बॅचलर ऑफ आर्ट्स’ (१९३७) नेल्सनने आणि ‘द डार्क रूम’ (१९३८) मॅकमिलनने. ग्रॅहम ग्रीन यांच्या शिफारशीने दारे उघडली, पण प्रत्येक पुस्तकागणिक नवे दार ठोठवावे लागले, ही वस्तुस्थिती त्या शिफारशीच्या कौतुकात हरवून जाते. याच वर्षांत त्यांचे खासगी जीवन घडत होते. १९३३ साली कोईमतूरला सार्वजनिक नळावर पाणी भरणाऱ्या राजम या तरुणीला त्यांनी पाहिले. पत्रिका जुळत नव्हत्या. नारायण यांच्या पत्रिकेत सप्तमात मंगळ होता आणि त्याचा पारंपरिक अर्थ सर्वांना ठाऊक होता. तरीही लग्न झाले. जून १९३९ मध्ये राजम विषमज्वराने गेल्या, मागे लहान मुलगी राहिली. ‘द बॅचलर ऑफ आर्ट्स’मधील चंद्रनला मालती मिळत नाही ती पत्रिकेपायी, लेखकाला राजम मिळाली ती पत्रिका डावलून. ज्योतिषाला अखेर खरे ठरवणाऱ्या या मृत्यूने नारायण यांच्या लेखनात काही काळ पूर्ण खंड पडला.

खंडानंतर नारायण प्रथम वळले ते छपाईकडे. १९४१ साली त्यांनी म्हैसूरहून ‘इंडियन थॉट’ हे त्रैमासिक सुरू केले. ते थोडेच अंक चालले. १९४२ साली त्याच नावाने प्रकाशनसंस्था निघाली आणि तिने लवकरच ‘मालगुडी डेज’ हा कथासंग्रह काढला. युद्धामुळे लंडन दूर गेले होते आणि कागदाची टंचाई होती, ही बाह्य कारणे खरी आहेत. परंतु नारायण यांचे आत्मचरित्र ‘माय डेज’ (१९७४) वाचताना जाणवते की, त्यांना घराबाहेर रोज जाण्याजोगी, बोलण्याजोगी एक जागाही हवी होती. ती सिटी पॉवर प्रेसच्या रूपाने लाभली. तिचे चालक संपत हे उत्साही, बोलघेवडे आणि नाटकाचे वेड असलेले गृहस्थ. जुळारी, खिळे, शाई, ‘उद्या देतो’ या शब्दाचे अनंत अर्थ हे सारे नारायण यांनी या सहवासात आत्मसात केले. दुःखात असलेल्या माणसाला मुद्रितशोधनाचे काम किती उपकारक ठरते, हे ज्यांनी ते केले आहे त्यांना सांगावयास नको.

इंग्रजी वाङ्मयव्यवहाराच्या दृष्टीने लेखकाने स्वतःची पुस्तके स्वतः काढणे म्हणजे पीछेहाट. म्हैसूरच्या दृष्टीने तसे नव्हते. कुवेंपूंची ‘उदयरवि प्रकाशन’ ही संस्था याच शहरातली. शिवराम कारंत पुत्तूरला राहून आपली पुस्तके आपणच काढत. त्याही आधी उत्तर कर्नाटकात गळगनाथांनी (१८६९–१९४२) हरि नारायण आपट्यांच्या कादंबऱ्या कन्नडात आणल्या आणि आपली पुस्तके गाठोडे बांधून गावोगाव स्वतः विकली, असे कन्नड वाङ्मयेतिहास सांगतो. स्वतः आपटे तरी काय करीत होते? ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी वाचकांपर्यंत गेली ती ते चालवीत असलेल्या ‘करमणूक’ (१८९०) या साप्ताहिकातून. पुण्याच्या रविकिरण मंडळाच्या कवींनी मंडळाच्याच नावाने पुस्तके काढली, आणि मराठीतील प्रेमकवितेची एक पूर्ण लाट त्या घरगुती व्यवस्थेवर पोसली गेली. नारायण भाषेने इंग्रजी लेखक असतील. व्यवसायाच्या रीतीने ते या देशी परंपरेतले आहेत. त्यांची पुस्तके भारतात पुढे अनेक दशके उपलब्ध राहिली, याचे मोठे श्रेय लंडनच्या एकाही संस्थेपेक्षा त्यांच्या स्वतःच्या संस्थेकडे जाते.

‘द इंग्लिश टीचर’ (१९४५) ही कादंबरी राजम यांना अर्पण केलेली आहे. ती लंडनहून आयर अँड स्पॉटिसवूडने काढली. पुढे तिच्या भारतीय आवृत्त्या ‘इंडियन थॉट’च्या नावावर निघाल्या. मराठी वाचकाने ही कादंबरी तिच्या काळच्या मराठी प्रेमकादंबरीशेजारी ठेवून वाचावी. ना. सी. फडक्यांची कादंबरी बहुधा लग्नाच्या दिशेने चालत जाते; प्रेमातील अडथळे, गैरसमज आणि त्यांचे निरसन हा तिचा प्रवास. नारायण यांची कथा लग्नानंतर सुरू होते. कृष्णन हा महाविद्यालयातला इंग्रजीचा शिक्षक. त्याची पत्नी सुशीला तान्ह्या लीलासह राहावयास येते. घरखर्चाची यादी, जुने घड्याळ विकल्यावरून झालेले भांडण आणि नव्या घराचा शोध यांतून त्यांचे प्रेम उमलते. घर पाहावयास गेलेल्या दिवशीच सुशीला एका घाणेरड्या शौचकूपात अडकते आणि त्यानंतर तिला ताप भरतो. आजाराची प्रकरणे इतक्या संयमाने लिहिली आहेत की, त्यांत औषधांच्या वेळा आणि तापाचे आकडे यांखेरीज दुसरे काही जवळजवळ नाही. त्यामुळेच ती असह्य होतात.

या कादंबरीत कृष्णन कवी होऊ पाहतो. एकदा तो पत्नीवर कविता लिहिली म्हणून वर्ड्‌स्वर्थच्याच ओळी तिच्यापुढे ठेवतो आणि ती चोरी तिच्या ध्यानात येते. प्रसंग हलका आहे. टीकाकार त्यावरून हसून पुढे जातात. माझ्या मते पूर्वार्धाचे मर्म येथे आहे. जिवंत पत्नीवर लिहावयास या माणसाजवळ स्वतःचे शब्द नाहीत, आहेत ते अभ्यासक्रमातले आणि परभाषेतले. उत्तरार्धात सुशीला गेल्यावर शब्द येतात, पण ते त्याचे नसतात. एका अनोळखी गृहस्थाची चिठ्ठी येते. त्याच्या बागेत, पडक्या देवळाजवळ, कमळांनी भरलेल्या तळ्याकाठी बसून त्याच्या हातातील पेन्सिल भराभर चालू लागते आणि सुशीलाचे निरोप कागदावर उमटतात. हा भाग कित्येक समीक्षकांना खटकला आहे. वास्तववादी कादंबरी मध्येच परलोकविद्येत शिरते, असा आक्षेप आहे. नारायण यांनी राजम यांच्या मृत्यूनंतर मद्रासला अशा बैठका स्वतः अनुभवल्या होत्या आणि हा भाग आत्मपर असल्याचे ‘माय डेज’मध्ये स्पष्ट लिहिले आहे. तथापि अनुभव खरा असल्याने कलाकृतीतला दोष नाहीसा होत नाही, म्हणून आक्षेपाचे उत्तर कादंबरीतच शोधले पाहिजे. ते तळ्याकाठच्या कागदात आहे. प्रेम आता स्पर्शात, आवाजात, स्वयंपाकघरात उरलेले नाही. ते हस्तलिखित झाले आहे. कृष्णन ते वाचतो, घरी नेतो, पुढच्या मजकुराची वाट पाहतो. प्रियकराचा वाचक होतो. ‘इंडियन थॉट’ची कामे करीत असलेल्या विधुर लेखकाला प्रेमाचे हेच रूप सुचावे, यात नवल नाही.

तरी येथे एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. सुशीला बोलते ती एका पुरुषाच्या पेन्सिलीतून आणि दुसऱ्या पुरुषासाठी. तिच्या निरोपांत समजूत आहे, धीर आहे, जवळजवळ गुरुपण आहे, तक्रार नाही. ‘पण लक्षात कोण घेतो!’मधील यमू याच्या नेमकी उलट उभी आहे. तिच्या आणि रघुनाथरावांच्या संसारातही मुंबईच्या बिऱ्हाडातले एकत्र वाचन आहे, नव्या काळाचे कोवळे दाम्पत्यप्रेम आहे आणि तेथेही मृत्यू तो संसार मध्येच तोडतो. पण मागे राहते ती पत्नी, आणि ती आपली हकीकत स्वतः सांगते. कृष्णनला शोक करण्यासाठी बाग मिळते, नोकरी सोडण्याची मुभा मिळते, मुलांच्या शाळेत नवे आयुष्य मिळते. यमूच्या वाट्याला केशवपन येते. दोन्ही कादंबऱ्या आपापल्या लेखकाच्या प्रकाशनधडपडीतून वाचकांपर्यंत पोहोचल्या. दोन्हींचा विषय पहिल्या लाटेतील सुशिक्षित दाम्पत्याचे प्रेम. या दोन पुस्तकांना जोडून पाहिल्याखेरीज भारतीय कादंबरीतील वैवाहिक प्रेमाचा इतिहास पुरा होत नाही, असे मला वाटते. विधुराचे दुःख आणि विधवेचे दुःख यांना समाजाने दिलेली जागाच भिन्न आहे, आणि कादंबरीचा सूर त्या जागेवरून ठरतो. नारायण यांच्या सुराची शांती केवळ त्यांच्या स्वभावातून आली नाही. ती त्यांना परवडली.

म्हैसूरहून सुमारे पंचवीस किलोमीटरवरच्या नंजनगूडला या चर्चेतले तिसरे नाव आहे. तिरुमलांबा (१८८७–१९८२) यांचे लग्न बालपणी झाले आणि वयाच्या चौदाव्या वर्षी वैधव्य आले. १९१३ साली त्यांनी ‘सती हितैषिणी’ ही ग्रंथमाला स्वतः सुरू केली. ‘सुशीले’, ‘नभा’ यांसारख्या कादंबऱ्या लिहून त्या स्वतः प्रसिद्ध केल्या. ‘कर्नाटक नंदिनी’ हे मासिक चालवले. ‘सुशीले’ हे नाव आणि कृष्णनच्या सुशीलेचे नाव यांत काही संबंध असल्याचे मी सुचवीत नाही. पण जे यमूला कादंबरीत करता आले, ते या बाईंनी प्रत्यक्षात केले, आणि नारायण यांच्या प्रयोगाच्या जवळजवळ तीस वर्षे आधी. पुढे कन्नडमधील आधुनिक समीक्षेने त्यांचे लेखन उपदेशपर म्हणून बाजूस सारले. त्यांनी दीर्घ काळ मौन पाळले आणि कित्येक दशकांनी स्त्रीअभ्यासकांनी त्यांना पुन्हा शोधले तेव्हा त्या वृद्धापकाळी मद्रासला होत्या. नारायण यांच्या बाबतीत स्वयंप्रकाशन हा चरित्रातला गमतीदार तपशील ठरला; तिरुमलांबांच्या बाबतीत तेच अवमूल्यनाचे कारण व्हावयास मदत झाली. भाषा, लिंग आणि लंडनची शिफारस या तिन्हींचा हिशेब येथे मांडावा लागेल. नारायण यांच्या कथाविश्वात छापखाना स्त्रीच्या हाती कधीच येत नाही, ही मर्यादाही या शेजारामुळे ठळक होते.

‘द इंग्लिश टीचर’मधले कमळतळे सात वर्षांनी पुन्हा भेटते. ‘द फायनान्शिअल एक्स्पर्ट’ (१९५२) मधील मार्गय्या हा शेतकऱ्यांना सहकारी बँकेची कर्जे मिळवून देणारा दलाल. लक्ष्मीची आराधना करण्यासाठी त्याला लाल कमळ हवे असते. ते आणावयास तो गावाबाहेरच्या एका पडक्या तळ्यावर जातो आणि तेथे डॉ. पाल नावाचा गृहस्थ भेटतो. पालजवळ स्त्री-पुरुष संबंधांवरचे एक हस्तलिखित आहे, ‘बेड लाइफ’. खिशात असतील त्या पैशांवर मार्गय्या ते विकत घेतो, मदनलाल या छापखानदाराशी भागीदारी करतो, आणि ‘डोमेस्टिक हार्मनी’ अशा सोज्वळ नावाने निघालेले ते पुस्तक धो धो खपते. आधीची मांडणी जशीच्या तशी आहे : तळे, पडके देऊळ, अनोळखी माणूस, प्रेमाचा मजकूर असलेले कागद. फक्त अर्थ उलटा झाला आहे. आधीच्या तळ्याकाठी प्रेम मृत्यूपलीकडून कागदावर उतरले होते. या तळ्याकाठी ते बाजारभावाने हाती आले. आपल्या सर्वांत वेदनामय पुस्तकातील पवित्र प्रसंगाचे विडंबन लेखकाने स्वतःच करावे, असे उदाहरण मला आपल्याकडच्या कादंबरीत सहज आठवत नाही.

हे विडंबन क्रूर नाही, पण ते व्यवसायाच्या माहितीने भरलेले आहे. मार्गय्या आणि मदनलाल यांची बोलणी वाचावीत : नाव बदलणे, आकार ठरवणे, कोणी कोणाला किती टक्के द्यावेत यावरून चाललेली सभ्य ओढाताण. स्वतः प्रकाशक झाल्याशिवाय हे लिहिता येत नाही. पुढे मार्गय्याला त्या पुस्तकाचीच लाज वाटू लागते. पैसा हवा असतो, त्याचा उगम नको असतो. म्हणून तो सावकारीकडे वळतो. शेवटी त्याचा मुलगा बालू त्याच डॉ. पालच्या नादी लागतो आणि सारा डोलारा कोसळतो. प्रेमाचा मजकूर विकून उभारलेले घर मुलाच्या चैनीने पडते, या न्यायात नीतिबोधाची छटा आहे आणि ती मला थोडी सोयीची वाटते. तळ्याकाठची मांडणी मात्र तिच्यापेक्षा खोल आहे.

इतर कादंबऱ्यांत हे सूत्र निरनिराळ्या रूपांत येते. ‘मिस्टर संपत’ (१९४९) मध्ये श्रीनिवास ‘बॅनर’ हे पत्र जवळजवळ एकहाती चालवतो आणि ‘ट्रूथ प्रिंटिंग वर्क्स’चा संपत ते छापतो. छापखाना बंद पडून सारे चित्रपटाच्या धंद्यात शिरतात, आणि त्या चित्रपटाचा विषय कामदहन! चित्रकार रवीने एका मुलीचे एकच रेखाचित्र जिवापाड जपलेले आहे. तिच्यासारखी दिसणारी नटी शांती समोर येताच तो चित्रणाच्या वेळीच भान हरपतो. छापील कागदावरून पडद्याकडे जाताना प्रेम वेडाचे रूप घेते. ‘द गाइड’ (१९५८) मध्ये रोझीच्या पतीचा, मार्कोचा, ग्रंथ प्रसिद्ध होतो. त्यात राजूचे ऋण मानलेले असते. राजू ती प्रत रोझीपासून लपवतो आणि पुढे तिच्या सहीची नक्कल करतो. एका पुस्तकाने आणि एका सहीने हे नाते संपते, नृत्याने किंवा मत्सराने नव्हे. देव आनंद यांच्या १९६५ च्या हिंदी चित्रपटाने ही बाब गाण्यांखाली झाकली गेली.

‘द मॅन-ईटर ऑफ मालगुडी’ (१९६१) मध्ये आपल्या विषयाचा नायक जवळजवळ सदेह अवतरतो. नटराजच्या छापखान्यात पुढे बैठक आणि मागे यंत्र, मध्ये निळा पडदा. पडद्यामागे मोठा कारखाना आहे असे गिऱ्हाइकांना वाटावे ही व्यवस्था, कारण भारी जर्मन यंत्र खरे तर शेजारच्या स्टार प्रेसचे. या बैठकीत रोज येऊन बसणारा एक कवी आहे. तो एकाक्षरी शब्दांत कृष्णचरित्र लिहीत आहे आणि त्याचे काव्य राधाकृष्णांच्या विवाहापर्यंत आले आहे. ज्याला कोणी प्रकाशक नाही, वाचक म्हणजे छापखान्यातला मित्रपरिवार, असा हा प्रेमकाव्याचा कर्ता. नारायण त्याला हसतात, पण तुच्छतेने नव्हे. त्या विवाहखंडाच्या पूर्तीचा उत्सव म्हणून गाव मिरवणूक काढते, हत्ती सजवते, आणि माडीवर राहणारा पेंढाभरू वासू त्याच हत्तीला मारण्याचा बेत करतो. एका स्वयंप्रकाशित प्रेमकाव्याभोवती सबंध गाव उभे राहू शकते, ही कल्पना मालगुडीबाहेर कोणाला सुचली असती असे वाटत नाही. वासूच्या बेताची बातमी पडद्याआडच्या या पुरुषमंडळींपर्यंत पोहोचवते ती रंगी ही देवदासी. काव्यात तिला जागा नाही, मिरवणूक मात्र तिच्यामुळे वाचते. ‘द पेंटर ऑफ साइन्स’ (१९७६) मध्ये छपाईची जागा पाट्या रंगवण्याने घेतली आहे आणि रामन-डेझीचे प्रेम त्या पाट्यांच्या मापात बसत नाही. पण तोवर हे सूत्र विरळ झाले होते.

विशेष लक्ष वेधते ती ‘द व्हेंडर ऑफ स्वीट्स’ (१९६७). जगन हा मिठाईवाला, गांधीवादी आणि विधुर. त्याचा मुलगा माली अमेरिकेहून कथा तयार करणाऱ्या यंत्राची योजना घेऊन येतो. कळा फिरवल्या की पात्रे, कथानक, कळसबिंदू हवे तसे मिळणार. बरोबर ग्रेस आहे, ती पत्नी म्हणून राहते आणि पुढे उघड होते की लग्न झालेलेच नाही. यंत्र आणि संसार दोन्ही भांडवलाअभावी बंद पडतात. कृत्रिम बुद्धीच्या आजच्या काळात हे यंत्र पुन्हा चर्चेत येणे स्वाभाविक आहे. माझे लक्ष मात्र जगनच्या स्वतःच्या पुस्तकावर आहे. निसर्गोपचार आणि आहार यांवर त्याने एक पुस्तक लिहिले आहे आणि ते नटराजच्या छापखान्यात वर्षानुवर्षे पडून आहे. नटराज नकार देत नाही, छापतही नाही. पत्रिका आणि पावत्या आधी असतात.

या कादंबरीच्या शेवटाकडे जगनला एक मूर्तिकार नदीपलीकडच्या जुन्या बागेत नेतो. तेथे पडकी वास्तू आहे, घडावयाची राहिलेली शिळा आहे आणि कमळांचे तळे आहे. तिसऱ्यांदा तेच स्थळ. पण या वेळी तळ्याकाठी कोणी पेन्सिल चालवीत नाही, कोणी हस्तलिखितही पुढे करीत नाही. त्यानंतरच्या पानांत जगनला अंबिका आठवते : पाहण्याचा कार्यक्रम, लग्न, एकत्र कुटुंबात चोरून मिळालेल्या रात्री, मुलासाठी घेतलेले नवस. विधुर नायकाला येथे पत्नी मिळते ती स्मरणात. ही पाने नारायण यांच्या प्रेमलेखनातली सर्वांत मोकळी पाने आहेत. जगन घर सोडून त्या बागेकडे निघतो तेव्हा ग्रेसला परत जावयाचे असल्यास तिचे तिकीट काढून देण्याचे सांगून जातो. नटराजकडच्या पुस्तकाबद्दल काही सांगत नाही.